वाचकांचे प्रश्न : लॉगची समीकरणे आणि टाकून दिलेली उत्तरे

घातांकी आणि लॉगरिदमी समीकरणांविषयी वाचकांची बरीच पत्रे जमली होती, म्हणून या अंकाचे सदर त्यांनाच दिले आहे. छपाईच्या सोयीसाठी घात दाखवायला ^ ही खूण वापरली आहे, म्हणजे २^३ = ८. अज्ञात संख्या क्ष आहे, आणि पाया सांगितलेला नाही तेथे लॉगचा पाया १० समजावा (१०^२ = १००, म्हणून लॉग १०० = २).

प्रश्न : लॉग क्ष + लॉग (क्ष − ३) = १ हे समीकरण सोडवताना क्ष^२ − ३क्ष − १० = ० असे वर्गसमीकरण मिळते व त्याची मुळे ५ आणि −२ येतात. पुस्तकात पुढे "क्ष = −२ हे ग्राह्य नाही" एवढेच लिहिलेले असते. पण वर्गसमीकरणात −२ घातले तर ४ + ६ − १० = ० होते, म्हणजे ते अगदी बरोबर बसते. मग ते का टाकायचे? उत्तर ऋण आले की ते नेहमी टाकायचे असते का?
(बारावीची विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तो गैरसमज फार पसरलेला आहे. नाही, उत्तर ऋण आहे एवढ्यावरून ते टाकता येत नाही. पुढील तीन समीकरणे एकाखाली एक लिहून पाहा.

पहिले : लॉग क्ष + लॉग (क्ष − ३) = १
दुसरे : लॉग (−क्ष) + लॉग (३ − क्ष) = १
तिसरे : लॉग (क्ष^२ − ३क्ष) = १

तिन्ही समीकरणांत लॉग काढून टाकला की क्ष^२ − ३क्ष = १० हेच वर्गसमीकरण हाती येते आणि ५ व −२ हीच मुळे मिळतात. तरीही पहिल्याचे उत्तर फक्त ५ आहे, दुसऱ्याचे फक्त −२ आहे, आणि तिसऱ्याची दोन्ही उत्तरे खरी आहेत. दुसऱ्या समीकरणात क्ष = −२ घाला : लॉग २ + लॉग ५ = लॉग १० = १. तेथे ५ घातले तर लॉग (−५) लिहावे लागते, आणि अशी वास्तव संख्या नाही, कारण १० चा कोणताही वास्तव घात धनच असतो. म्हणजे येथे ऋण मूळ राहिले आणि धन मूळ गेले. वर्गसमीकरणाला यातले काहीच ठाऊक नसते. आपण कोणत्या वाटेने त्याच्यापर्यंत आलो हे ते विसरलेले असते, म्हणून ती वाट आपणच लक्षात ठेवावी लागते.

ही विस्मृती नेमकी कोणत्या पायरीवर होते ते पाहू. लॉग म + लॉग न = लॉग (मन) हा नियम सिद्ध करताना आपण म = १०^प आणि न = १०^फ असे लिहितो, त्यांचा गुणाकार १०^(प+फ) येतो, आणि म्हणून मन चा लॉग प + फ होतो. या सिद्धतेत म आणि न या दोन्ही संख्या १० च्या घाताच्या रूपात लिहिता येतात, म्हणजेच दोन्ही धन आहेत, हे आपण बोलून न दाखवता धरलेले असते. उजव्या बाजूला मात्र मन हा गुणाकार धन असला तरी पुरते, आणि तो म आणि न दोन्ही ऋण असतानाही धन असतो. तुमच्या समीकरणात डावी बाजू फक्त क्ष > ३ असतानाच अस्तित्वात आहे. दोन लॉग एकत्र केल्याबरोबर क्ष < ० हा नवा प्रदेशही आत आला, आणि −२ हे मूळ त्या प्रदेशातले आहे. ते वर्गसमीकरणाचे खरे मूळ आहे, फक्त तुमच्या समीकरणाचे नाही.

हे झाले जास्तीच्या मुळाविषयी. ताळा पाहण्याची सवय असेल तर ते पकडले जाते. त्याहून धोक्याची गोष्ट उलट दिशेने घडते, आणि तिच्याकडे वर्गात फारच कमी लक्ष दिले जाते. लॉग ((क्ष − १)^२) = २ हे समीकरण घ्या. बहुतेक विद्यार्थी सवयीने २ पुढे आणतात आणि २ लॉग (क्ष − १) = २, म्हणून क्ष − १ = १०, म्हणून क्ष = ११ असे लिहून मोकळे होतात. ताळा पाहिला तर तोही बरोबर येतो : लॉग १०० = २. प्रत्यक्षात (क्ष − १)^२ = १०० याची दोन मुळे आहेत, ११ आणि −९, आणि −९ हेसुद्धा मूळ समीकरणात बिनचूक बसते, कारण (−१०)^२ हेही १०० च आहे. घात पुढे आणण्याच्या पायरीवर प्रदेश आक्रसला आणि एक खरे उत्तर हरवले. ताळा आलेल्या उत्तरांचाच पाहता येतो. जे उत्तर आलेच नाही, ते ताळ्यात सापडणार नाही. म्हणून घात सम असेल तेथे २ लॉग |क्ष − १| असे केवल मूल्य लिहिले पाहिजे, आणि ते लिहायचा कंटाळा करणे परवडत नाही.

माझा आग्रह असा आहे की समीकरण सोडवायला घेण्याआधीच, पहिल्या ओळीच्या बाजूला, प्रत्येक लॉगच्या आतील राशी धन असण्याची अट लिहावी. तुमच्या उदाहरणात ती "क्ष > ० आणि क्ष > ३, म्हणून क्ष > ३" इतकी छोटी आहे. शेवटी मुळे आली की ती या अटीशी ताडून पाहावीत. मग "ग्राह्य नाही" असे कारण न देता लिहावे लागत नाही.

प्रश्न : ९^क्ष − २ × ३^क्ष − ३ = ० या उदाहरणात ३^क्ष = य मानल्यावर य = ३ आणि य = −१ येते, आणि −१ टाकून देतात. पण २ × ४^क्ष − ९ × २^क्ष + ४ = ० या उदाहरणात क्ष = −१ हे उत्तर ठेवतात. दोन्हीकडे −१ च आहे. फरक कशामुळे?
(अकरावीचा विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : दोन्हीकडचा −१ एकाच जागेवर आलेला नाही. पहिल्या उदाहरणात तो य ची किंमत म्हणून आला. य म्हणजे ३^क्ष, आणि ३ चा कोणताही घात घेतला, मग तो धन असो, ऋण असो वा शून्य, तरी उत्तर धनच येते. म्हणून य = −१ ला जुळणारा क्ष नाही, आणि य = ३ वरून क्ष = १ हे एकमेव उत्तर राहते. दुसऱ्या उदाहरणात २^क्ष = य मानून २य^२ − ९य + ४ = ० मिळते, त्याची मुळे ४ आणि १/२ ही दोन्ही धन आहेत. २^क्ष = ४ वरून क्ष = २ आणि २^क्ष = १/२ वरून क्ष = −१. येथे −१ घातांकाच्या जागी आहे, आणि घातांकाला ऋण होण्याची पूर्ण मुभा आहे.

लॉगच्या भाषेत हेच असे म्हणता येईल की लॉगच्या आत ऋण संख्या चालत नाही, पण लॉगची किंमत स्वतः खुशाल ऋण असू शकते. क्ष^(लॉग क्ष) = १००क्ष हे सुंदर समीकरण यासाठी सोडवून पाहा. दोन्ही बाजूंचा लॉग घेऊन लॉग क्ष = ल मानले की ल^२ = २ + ल मिळते, म्हणून ल = २ किंवा ल = −१, म्हणून क्ष = १०० किंवा क्ष = १/१०. दोन्ही उत्तरे खरी आहेत. दुसऱ्याचा ताळा : (१/१०)^(−१) = १०, आणि १०० × १/१० हेही १०.

प्रश्न : ४^क्ष + ६^क्ष = ९^क्ष या समीकरणात मी दोन्ही बाजूंचा लॉग घेऊन क्ष लॉग ४ + क्ष लॉग ६ = क्ष लॉग ९ असे लिहिले आणि क्ष = ० हे उत्तर काढले. ताळा घेतला तर १ + १ = १ येते. कोठे चुकले?
(पदवी प्रथम वर्षाची विद्यार्थिनी, पणजी)

उत्तर : ताळा घेतलात हे फार चांगले केलेत. बेरजेचा लॉग म्हणजे लॉगांची बेरीज नव्हे. लॉग (४^क्ष + ६^क्ष) याला तोडणारा कोणताही नियम नाही, म्हणून जेथे घातांकी पदांची बेरीज किंवा वजाबाकी आहे तेथे लॉग घेण्याची घाई करू नये, आधी रूप बदलण्याचा प्रयत्न करावा.

येथे ४, ६, ९ या संख्यांकडे पाहा. ४ = २ × २, ६ = २ × ३, ९ = ३ × ३, म्हणजे त्या भूमितीश्रेढीत आहेत आणि त्यांचे गुणोत्तर ३/२ आहे. सर्व पदांना ४^क्ष ने भागा (ती संख्या कधीच शून्य नसल्याने भागणे निर्धोक आहे) आणि (३/२)^क्ष = य माना. समीकरण १ + य = य^२ असे होते. त्याचे धन मूळ (१ + √५)/२, म्हणजे सुमारे १.६१८, हे सुवर्ण गुणोत्तर म्हणून प्रसिद्ध आहे. दुसरे मूळ ऋण असल्याने वर सांगितलेल्या कारणाने जाते. आता बेरीज उरली नाही, आता लॉग घ्यावा : क्ष = लॉग १.६१८ ÷ लॉग १.५, म्हणजे सुमारे १.१८७. ताळ्यासाठी ही किंमत घातली तर डावीकडे अंदाजे ५.१८ + ८.३९ आणि उजवीकडे १३.५७ येते. चार, सहा आणि नऊ या साध्या संख्यांच्या पोटातून सुवर्ण गुणोत्तर बाहेर पडावे, याचा आनंद मला प्रत्येक वेळी होतो.

प्रश्न : २^(क्ष+१) = ३^क्ष सोडवताना १० पायाचा लॉग घ्यावा की ई (सुमारे २.७१८) पायाचा? उत्तर वेगळे येईल का?
(एक पालक, नाशिक)

उत्तर : वेगळे येणार नाही. (क्ष + १) लॉग २ = क्ष लॉग ३ यावरून क्ष = लॉग २ ÷ (लॉग ३ − लॉग २) मिळते. पाया बदलला की सर्व लॉग एकाच संख्येने गुणले जातात आणि भागाकारात ती संख्या उडून जाते. १० पायाने ०.३०१०३ ÷ ०.१७६०९, ई पायाने ०.६९३१५ ÷ ०.४०५४७. दोन्हींचे उत्तर सुमारे १.७०९५. हाताशी लॉगचे कोष्टक असेल तर १०, गणकयंत्र असेल तर जे बटण असेल ते. छेदात मात्र एक काळजी घ्यावी : लॉग ३ − लॉग २ म्हणजे लॉग (३/२), लॉग ३ ÷ लॉग २ नव्हे.

प्रश्न : दरसाल ७ टक्के दराने ठेवलेली मुदत ठेव किती वर्षांत दुप्पट होईल? ७२ ला दराने भागावे असे आम्ही ऐकत आलो आहोत. त्यामागे लॉग आहे का?
(निवृत्त शिक्षक, ठाणे)

उत्तर : होय, त्यामागे निव्वळ लॉग आहे. व्याज वर्षातून एकदा मुद्दलात मिळवले जात असेल तर समीकरण (१.०७)^न = २ असे होते. दोन्ही बाजूंचा लॉग घेतला की न = लॉग २ ÷ लॉग १.०७ = ०.३०१०३ ÷ ०.०२९३८, म्हणजे सुमारे १०.२५ वर्षे. ७२ ÷ ७ केल्यास १०.२९ येते, म्हणजे तोंडी हिशेब चांगलाच जुळतो.

येथे उत्तर वाचताना थोडे थांबावे. व्याज वर्षअखेरीलाच जमा होत असेल तर १०.२५ वर्षे ही वेळ बँकेच्या वहीत येतच नाही. एक लाखाचे १० वर्षांनी सुमारे १,९६,७१५ रुपये आणि ११ वर्षांनी सुमारे २,१०,४८५ रुपये होतात, म्हणून व्यवहारातले उत्तर "अकरावे वर्ष संपताना" असे आहे. आपल्याकडील बँका मुदत ठेवींवर सहसा तिमाही चक्रवाढ देतात. मग समीकरण (१.०१७५)^त = २ असे होते, यात त म्हणजे तिमाहींची संख्या. त्याची उकल ३९.९५ च्या आसपास येते, म्हणजे चाळिसाव्या तिमाहीअखेर, बरोबर दहा वर्षांनी, रक्कम दुप्पट होऊन वर सुमारे १६० रुपये उरतात. करकपात यात धरलेली नाही.

७२ हा आकडा का, तर २ चा ई पायाचा लॉग ०.६९३ आहे, म्हणून व्याज क्षणाक्षणाला मिळत असते तर ६९.३ ला दराने भागणे योग्य ठरले असते. वार्षिक चक्रवाढीत (१ + दर) चा ई पायाचा लॉग ही संख्या दरापेक्षा किंचित लहान असते, त्यामुळे अंश थोडा वाढवावा लागतो. ८ टक्क्यांच्या आसपास तो जवळजवळ ७२ च येतो, आणि ७२ ला २, ३, ४, ६, ८, ९, १२ यांनी भाग जातो ही सोयही आहेच. दर फार मोठा असेल तर हा ठोकताळा सोडून मूळ समीकरणच सोडवावे.

प्रश्न : लॉगचा पाया अज्ञात असेल तर कोणती अट लिहावी?
(बारावीचा विद्यार्थी, लातूर)

उत्तर : पाया धन असावा आणि १ नसावा. दुसरी अट विसरली जाते. क्ष पायाचा लॉग (३क्ष − २) = २ हे उदाहरण घ्या. क्ष^२ = ३क्ष − २ वरून क्ष = १ आणि क्ष = २ मिळते. दोन्ही धन आहेत, दोहोंनी ३क्ष − २ ही राशीही धन राहते, तरी क्ष = १ जाते, कारण १ चा कोणताही घात १ च असल्याने त्या पायावर लॉगला निश्चित किंमत देता येत नाही. उत्तर फक्त २.

प्रश्न : घातांकांचा उलट विचार करून नेपियरने लॉग शोधला असे शिकवले जाते. हे खरे आहे का? आपल्याकडे अशी काही कल्पना होती का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : आज आपण लॉगची व्याख्या घातांकावरून करतो, पण शोधाचा क्रम तसा नव्हता. स्कॉटलंडच्या जॉन नेपियर यांनी १६१४ साली आपली कोष्टके प्रसिद्ध केली, तेव्हा घातांक लिहिण्याची आजची पद्धत रूढही झालेली नव्हती. त्यांनी दोन फिरत्या बिंदूंची कल्पना केली होती, एक समान वेगाने जाणारा आणि दुसऱ्याचा वेग उरलेल्या अंतराच्या प्रमाणात कमी होत जाणारा. लंडनमधील प्राध्यापक हेन्री ब्रिग्ज १६१५ साली एडिंबरोला जाऊन त्यांना भेटले, आणि १० पायाची सोयीची कोष्टके त्यानंतर ब्रिग्ज यांनी तयार केली. १६२४ च्या त्यांच्या ग्रंथात चौदा दशांश स्थळांपर्यंतच्या किमती आहेत. स्वतंत्रपणे याच दिशेने काम करणाऱ्या योस्ट ब्युर्गी यांची कोष्टके १६२० मध्ये प्राग येथे छापली गेली. लॉग म्हणजे घातांक, ही आजच्या पाठ्यपुस्तकातली मांडणी स्विस गणिती ऑयलर यांनी अठराव्या शतकात रुजवली.

आपल्याकडे जैन गणितात "अर्धच्छेद" ही कल्पना आहे. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, ती तिची अर्धच्छेद-संख्या. १६ चे अर्धच्छेद ४, ३२ चे ५. वीरसेन यांच्या नवव्या शतकातील "धवला" टीकेत अर्धच्छेदांचे नियम दिले आहेत, आणि त्याच पद्धतीने तिनाने भागण्याचे त्रिकच्छेद व चाराने भागण्याचे चतुर्थच्छेदही येतात. २ च्या घातांपुरता हा २ पायाचा लॉगच आहे, आणि २^क्ष = ३२ सोडवणे म्हणजे ३२ चे अर्धच्छेद मोजणे. मात्र मधल्या सर्व संख्यांसाठी कोष्टक करून गुणाकाराचे बेरजेत रूपांतर करण्याचे काम नेपियर व ब्रिग्ज यांचेच आहे, आणि दोन्हींचा मान वेगवेगळा ठेवणे हेच न्याय्य आहे.

प्रश्न : २^क्ष = क्ष^२ या समीकरणाची २ आणि ४ ही उत्तरे पाहताक्षणी दिसतात. आलेख काढला तर तिसरा छेदबिंदूही दिसतो, पण लॉग घेऊन तो मिळत नाही.
(अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : तुम्ही दोन्ही बाजूंचा लॉग घेताना उजवीकडे बहुधा २ लॉग क्ष लिहिले असेल. त्याच क्षणी क्ष धन आहे असे ठरले, आणि तिसरे मूळ ऋण बाजूला असल्याने ते निसटले. पहिल्या उत्तरात सांगितलेले हरवणारे मूळ ते हेच. २ लॉग |क्ष| लिहिले तर ते टिकते.

टिकले तरी ते बीजगणिताच्या नेहमीच्या क्रियांनी वेगळे काढता येत नाही, कारण क्ष एकदा घातांकात आहे आणि एकदा पायात. येथे अंकीय रीतच वापरावी. क्ष = −१ असताना २^क्ष = ०.५ आणि क्ष^२ = १, म्हणजे वर्ग मोठा. क्ष = ० असताना २^क्ष = १ आणि क्ष^२ = ०, म्हणजे घात मोठा. दोन्ही फले अखंड असल्याने मध्ये कोठेतरी ती समान झालीच पाहिजेत. ऋण बाजूला क्ष वाढत जाताना २^क्ष वाढते आणि क्ष^२ घटते, म्हणून असे ठिकाण एकच आहे. अंतर कमी करत जा : −०.५ ला घात मोठा, −०.७५ लाही घात किंचित मोठा (०.५९५ विरुद्ध ०.५६३), −०.८ ला वर्ग मोठा (०.५७४ विरुद्ध ०.६४). असे पुढे गेल्यास क्ष सुमारे −०.७६७ येतो, आणि तेथे दोन्ही बाजूंची किंमत ०.५८८ च्या आसपास भरते.